लेचोनच्या आधी यादी: फिलिपिनो गोतावळ्याचं परदेशातलं वार्षिक संमेलन कसं पार पाडावं

माझं माहेर रत्नागिरीकडचं आणि सासर लागुनाचं. लागुना हा मनिलाजवळचा प्रांत, मोठ्या तळ्याकाठचा, नारळाच्या बागांचा. सासरची निम्म्याहून अधिक माणसं मात्र आता कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास आहेत. दर उन्हाळ्यात ती सगळी एक दिवस एकत्र जमतात: सत्तर-ऐंशी माणसं, एक अख्खं भाजलेलं डुक्कर, म्हणजे लेचोन, आणि दिवसभर न थांबणारा कराओके. पहिली दोन वर्षं मी पाहुणी म्हणून बसून खाल्लं. तिसऱ्या वर्षी आमच्या घराकडे यजमानपद आलं, नवऱ्याने शिताफीने अंग काढून घेतलं आणि वही माझ्या हातात आली. यजमान कोणीही असो, वही तेव्हापासून माझ्याकडेच आहे.

फिलिपिनो घरात लग्न करून गेलेल्या, किंवा शेजारच्या फिलिपिनो कुटुंबाने “तू जरा मदत कर ना” म्हणून गळ घातलेल्या मराठी माणसासाठी हे लिहिते आहे. पहिल्याच वर्षी मला एक गोष्ट कळायला हवी होती, ती कळली नाही. हे संमेलन जेवणावरून बिघडत नाही, बोलावण्यावरून बिघडतं. आपल्याकडच्या मुंजी-लग्नांसारखंच.

जानेवारी: आधी यादी

हॉल, मेनू, टी-शर्ट हे सगळं नंतर. आधी कुटुंबाचं मूळ जोडपं धरा. आमच्याकडे ते म्हणजे नवऱ्याचे लोलो आणि लोला, म्हणजे आजोबा-आजी. त्यांची आठ मुलं म्हणजे आठ शाखा. प्रत्येक शाखेसाठी वहीत एक पान आणि प्रत्येक शाखेचा एकच जबाबदार माणूस. शक्यतो हा माणूस पानगानाय, म्हणजे थोरलं अपत्य, नसावा. थोरल्यांना मान हवा असतो, फोनाफोनी नको असते. मधल्या बहिणी या कामाला उत्तम. बुन्सो, म्हणजे शेंडेफळ, याच्याकडे फक्त गाणी द्यावीत.

आता नात्यांचा घोळ. आपण काका, मामा, आत्या, मावशी असं काटेकोर सांगतो. इथे सगळे तितो आणि सगळ्या तिता. आईकडची की वडिलांकडची, हे नावावरून कळत नाही. शिवाय आईची शाळेतली मैत्रीणही तिता आणि शेजारीणही तिता. मोठ्या भावंडांना आणि मोठ्या चुलत-मामे भावंडांना कुया (दादा) आणि आते (ताई). त्यामुळे नावापुढे “कोणाचा मुलगा, कोणाची सून” हे लिहिलं नाही तर मार्चपर्यंत तुमच्या यादीत एकाच नावाच्या तीन तिता होतात आणि त्यातली खरी कोणती ते कोणालाच आठवत नाही.

यादीत दोन गट हमखास राहून जातात. एक निनोंग-निनांग, म्हणजे बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या वेळी उभे राहिलेले धर्मपिता-धर्ममाता. रक्ताचं नातं नसलं तरी ती घरचीच माणसं. दुसरा गट बालाय. बालाय म्हणजे व्याही-विहीण. इंग्रजीत या नात्याला धड शब्द नाही, फिलिपिन्सच्या तागालोग भाषेत आहे आणि मराठीत आहे. सासूबाईंनी माझ्या आईची ओळख “माय बालाय” अशी करून दिली आणि मी आईला “विहीणबाई म्हणताहेत” असं सांगितलं, तेव्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नसल्याची अडचण बरीच कमी झाली.

वहीत रकाने करा: नाव, कोणाचं कोण, गाव, मूल की मोठं माणूस, काय खात नाही, शर्टाचं माप, वर्गणी. आणि शेवटचा रकाना, जो मी पहिल्या वर्षी केलाच नव्हता: “फोन कोणी केला?”

त्या वर्षी मी मेसेंजरच्या ग्रुपवर सुंदर निमंत्रण टाकलं. सगळ्यांनी हृदयं पाठवली. सासूबाईंच्या थोरल्या बहिणीने काहीच पाठवलं नाही. मला वाटलं, बघितलं नसेल. बघितलं होतं. थोरल्या तिताला ग्रुपवर बोलावतात का कोणी? ती काही बोलली नाही, नाही म्हणाली नाही, भांडली तर मुळीच नाही. फक्त पुढच्या तीन रविवारी सासूबाईंचा फोन तिने दोन मिनिटांत आटोपला. याला ताम्पो म्हणतात. रुसवाच, पण बिनबोलाचा. रुसलेल्याने कारण सांगायचं नसतं, समोरच्याने ते ओळखून समजूत काढायची असते. मी बिको, म्हणजे चिकट तांदळाचा गोड पदार्थ, घेऊन तिच्या घरी गेले, मान म्हणून तिचा हात माझ्या कपाळाला लावला, निमंत्रण तोंडी दिलं. तिने चहा केला, “तू बारीक झालीस” म्हणाली. मिटलं. पण तिच्या शाखेतली अकरा माणसं तोवर “अजून नक्की नाही” या रकान्यात अडकली होती.

म्हणून नियम असा: साठीच्या पुढच्या प्रत्येकाला फोन. तोही त्यांच्याहून लहान पण घरात वजन असलेल्या माणसाने करायचा. सुनेने केला तर मुलानेही दोन शब्द बोलायचे. ग्रुपवरचं निमंत्रण त्यानंतर.

यजमानपद पाळीपाळीने

फिलिपिन्समध्ये गावच्या फिएस्टाला एरमानो मायोर असतो. त्या वर्षीच्या सणाचा मानकरी, खर्चाचा मोठा भार उचलणारा. कोकणात उत्सवाची पाळी घराघराकडे फिरते, तेच. परदेशातल्या संमेलनालाही हीच पद्धत सर्वांत टिकाऊ. दर वर्षी एक शाखा यजमान, बाकीच्या सात शाखांकडे एकेक खातं: भात, मुख्य पदार्थ, गोड, खेळ, शर्ट, हिशेब, साफसफाई. खाती दर वर्षी फिरवा. साफसफाई सलग दोन वर्षं एकाच शाखेकडे गेली तर पुन्हा ताम्पो.

सगळं एकाच हौशी माणसाच्या अंगावर पडलं की तो माणूस तिसऱ्या वर्षी थकतो आणि संमेलनही थकतं. हे मी दोन कुटुंबांत पाहिलंय.

तारीख आणि जागा

तारीख ठरवताना आधी नर्सना विचारा. अमेरिकेतल्या जवळपास प्रत्येक फिलिपिनो गोतावळ्यात नर्स असतात, आमच्यात सहा आहेत. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारं आशियाई लोकांना खऱ्या अर्थाने उघडली आणि पुढच्या दशकांत नर्स मोठ्या संख्येने आल्या. त्यांनी मग आईवडिलांना, भावंडांना बोलावलं. त्यांच्या ड्युट्या महिने आधी लागतात आणि सणावाराची सुट्टी सगळ्यांनाच हवी असते. मे महिन्याचा शेवटचा सोमवार, ४ जुलै आणि सप्टेंबरचा पहिला सोमवार या तिन्ही जोडसुट्ट्या मोहात पाडतात, पण त्याच दिवशी निम्म्या नर्स कामावर असतात. आम्ही मुद्दाम साधा जुलैतला शनिवार धरतो.

फिलिपिन्समधून कोणी येणार असेल तर त्यांच्यावर तारीख टांगून ठेवू नका. व्हिसाची मुलाखत, तिकीट, रजा यांतलं काय अडेल सांगता येत नाही. आईवडिलांशिवाय एखादं मूल मावशीबरोबर येणार असेल, तर तिथल्या समाजकल्याण खात्याची प्रवासपरवानगी लागते. विमानतळावर ती नसल्याचं कळणं हा सर्वांत वाईट मुहूर्त.

जागा. आमची बरीचशी मंडळी सॅन फ्रान्सिस्कोला लागून असलेल्या डेली सिटीत राहतात. तिथे फिलिपिनो इतके की दुकानात तागालोगवर भागतं. पण जुलैत डेली सिटीत समुद्रावरून धुकं येतं आणि दुपारी एकलाही स्वेटर लागतो. पहिल्या एका संमेलनात सगळ्या तितांनी नवे शर्ट जॅकेटखाली झाकून फोटो काढले, ते अजून भिंतीवर आहेत. आता आम्ही खाडीच्या पलीकडे, फ्रीमाँटच्या सेंट्रल पार्कात, लेक एलिझाबेथच्या काठी जमतो. ऊन मिळतं, आणि येताजाता मला मराठीही ऐकू येतं.

उद्यानातली जागा मार्चच्या आतच राखून ठेवा आणि पाच प्रश्न लेखी विचारा: स्पीकर चालतो का, विजेचे प्लग किती, दारू चालते का, झाडाला दोरी बांधता येते का, संध्याकाळी किती वाजता जागा मोकळी करायची. शौचालय किती लांब हेही स्वतः चालून बघा. लोलाच्या पावलांनी मोजा, तुमच्या नव्हे.

पैसे

वर्गणीला आंबागान म्हणतात. आमची पद्धत: कमावत्या माणसामागे ठरलेली रक्कम, विद्यार्थ्यांना निम्मी, दहा वर्षांखालच्यांना आणि पासष्टीपुढच्यांना माफ. लेचोनचा खर्च यजमान शाखेचा, तो वर्गणीत धरायचा नाही. मानकऱ्याचा मान तेवढाच.

एक गोष्ट मात्र वहीत लिहायची नाही. अमेरिकन नागरिकाने भावंडासाठी केलेल्या अर्जाची फिलिपिन्सची रांग जवळपास वीस वर्षांची आहे. त्यामुळे एकाच पिढीतली एक बहीण तीस वर्षांपूर्वी येऊन घर फेडून मोकळी झालेली असते आणि तिचा भाऊ गेल्या वर्षी पन्नाशी ओलांडून येऊन रात्रपाळी करत असतो. दोघांना सारखी वर्गणी लावणं कागदावर न्याय्य दिसतं. हिशेबनिसाने अशा घरांची नावं मनात ठेवावीत, त्यांना “तुमच्याकडे पानसित (शेवयांचा पदार्थ)” असं सांगून मोकळं व्हावं. पैसे देता येत नाहीत म्हणून न येणारी माणसं तसं कधी सांगत नाहीत. “ड्युटी आहे” म्हणतात.

हिशेब संमेलनानंतर आठवडाभरात ग्रुपवर टाका. उरलेले पैसे पुढच्या वर्षीच्या जागेसाठी.

जेवण

ठराविक पदार्थांचं कोणी काय आणायचं हे नावानिशी ठरवा. “ज्याला जे जमेल ते” म्हटलंत तर नऊ ट्रे लुंपिया, म्हणजे सारण भरून तळलेल्या सुरळ्या, येतात आणि भात कोणीच आणत नाही. भात नसेल तर ते जेवण नव्हेच, मेरियेन्दा झाला, म्हणजे मधल्या वेळचं खाणं.

सत्तर माणसांना सात-आठ किलो कोरडा तांदूळ लागतो. उद्यानात प्लग दोनच, त्यातला एक कराओकेचा. म्हणून भात तीन घरांत शिजवायचा आणि बर्फाच्या पेटीतून न्यायचा. हो, बर्फाच्याच. जी गारवा धरते ती उष्णताही धरते. पेटीत आधी उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं झाकण लावा, पाणी फेका, पेटी पुसा, तळाला जाड टॉवेल, त्यावर झाकलेले भाताचे ट्रे, वर आणखी एक टॉवेल. सकाळी दहाला भरलेला भात साडेबाराला वाफाळतो. एकदा उघडल्यावर मात्र पुरवून पुरवून ठेवू नका. कुठलाही शिजवलेला पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास.

पानसित हवंच. लांब शेवया म्हणजे लांब आयुष्य, म्हणून वाढताना चिमट्याने उचला, कापू नका. बिहोन तांदळाच्या शेवयांचं, कान्तोन गव्हाच्या. वर कालामान्सी पिळायची. हे लिंबू आणि संत्र्याच्या मधलं, सुपारीपेक्षा जरा मोठं फळ. इथे कोणाच्या ना कोणाच्या परसात झाड असतंच, त्यांना पिशवीभर आणायला सांगा.

लेचोन म्हणजे अख्खं भाजलेलं डुक्कर. मी डुक्कर खात नाही, पण त्याची व्यवस्था आता मीच बघते. तीन आठवडे आधी सांगा. वजन बोलताना कच्चं की भाजलेलं हे विचारा, भाजल्यावर बरंच घटतं. आणि ते जितकं उशिरा उचलता येईल तितकं उशिरा उचला. लेचोनचं सगळं मोल त्याच्या कातडीत, आणि कातडीचा शत्रू म्हणजे वाफ. एका वर्षी आम्ही नऊलाच घेऊन आलो आणि गार होईल म्हणून मी चांदीच्या कागदात नीट गुंडाळून ठेवलं. बाराला उघडलं तर कातडी ओल्या पापडासारखी. सत्तर माणसं शांतपणे बघत उभी राहिली. एक तितो म्हणाला, “चालेल, पाक्सिवला बरं.” पाक्सिव म्हणजे उरलेल्या लेचोनचं व्हिनेगरमधलं कालवण. जेवणाच्या आधीच पाक्सिवचं नाव काढणं यासारखा टोमणा नाही. तेव्हापासून खोक्याचं झाकण अर्धवट उघडं, कागद नाही, आणि गाडीच्या काचा खाली. कापायला जड सुरा आणि लाकडी ठोकळा घरून न्या. कातडीचे दोन तुकडे आधी लोलाच्या ताटात, मग रांग सुरू.

काय कोण खात नाही, याचा रकाना विसरू नका. आमच्या एका शाखेतली मंडळी इग्लेसिया नी क्रिस्तो या फिलिपिनो ख्रिस्ती पंथाची आहेत, त्यांना रक्त वर्ज्य आहे. म्हणून दिनुगुआन, म्हणजे डुकराच्या रक्तातलं कालवण, वेगळ्या टेबलावर आणि चिठ्ठी लावून. शाकाहारी माणसाला सांगून ठेवते: “भाजी आहे” या वाक्यावर विश्वास नको. पिनाकबेतमध्ये वांगी, कारली, भेंडी, भोपळा सगळं दिसतं आणि मुळाशी बागोओंग असतं. ते म्हणजे खारवून आंबवलेला जवळा. कोकणातल्या माणसाला वासावरूनच कळतं.

गोडात मी नारळीभात नेते. त्यांचा बिको म्हणजे चिकट तांदूळ, नारळाचं दूध आणि तपकिरी साखर, त्याच्या शेजारी तो ठेवला जातो. दर वर्षी थोरली तिता एक चमचा खाऊन सांगते की चव बरोबर आहे पण भात सुटा झालाय, पुढच्या वर्षी नीट चिकट कर. बिबिंका असेल तर गोव्याच्या बेबिंकाची आशा धरू नका. दोन्हींना वरून आच देतात हे खरं, पण हा तांदळाच्या पिठाचा, केळीच्या पानावर भाजलेला जाड केक. आणि आचारा, म्हणजे कच्च्या पपईचं आंबटगोड लोणचं, त्याचं नाव मात्र आपल्याकडूनच गेलेलं. त्यांच्या भाषेत चेहऱ्याला मुखा, शिक्षकाला गुरो, आशेला आसा म्हणतात. लागुनाचा जुना ताम्रपट तर चक्क शके ८२२, वैशाख महिना अशा तारखेचा आहे. हे मी एकदा जेवताना सांगितलं. सगळ्यांनी कौतुकाने ऐकलं आणि लुंपिया संपवले.

हाताने जेवायचा कामायान बेत करायचा असेल तर केळीची पानं आशियाई दुकानात गोठवलेली मिळतात. आदल्या रात्री बाहेर काढा, सकाळी गॅसवरून झरकन फिरवा. नाहीतर घडीवर फाटतात.

प्रत्यक्ष दिवस

निमंत्रणावर अकरा लिहा, जेवण साडेबाराला धरा. “फिलिपिनो वेळ” हा विनोद ते स्वतःच करतात, तुम्ही करू नका.

सर्वांत आधी लोलाची खुर्ची. सावलीत, पण प्रवेशाजवळ, म्हणजे येणारा प्रत्येक जण तिच्याजवळूनच आत येईल. लहानांनी वाकून तिचा हात आपल्या कपाळाला लावायचा: “मानो पो.” खुर्ची मागे कोपऱ्यात ठेवली तर निम्मी पोरं थेट फुटबॉलकडे पळतात आणि मग त्यांच्या आयांची पंचाईत. खुर्चीशेजारीच नावाच्या चिकटपट्ट्या. नुसतं नाव नको, खाली “अमक्याचा” हवं. नाहीतर प्रत्येक पोराला दिवसभर “कानिनोंग आनाक का?” हेच ऐकावं लागतं, म्हणजे तू कोणाचा रे? शर्टाला शाखेनुसार रंग दिलात तर आणखी सोपं. शर्ट सहा आठवडे आधी सांगा आणि मोठ्या मापाचे पाच जास्त घ्या, फोनवर सांगितलेलं माप हे नेहमी दोन वर्षांपूर्वीचं असतं. नव्या सुना-जावयांना मात्र आधी कल्पना द्या: “तुमाबा का!”, म्हणजे जाड झालीस की, हे इथे स्वागत आहे. आणि तागालोगमध्ये तो-ती हा भेद नसल्याने सासूबाई इंग्रजीत कधी मला “he”, म्हणजे तो, म्हणतात, तर त्यातही काही नाही.

जेवणाआधी प्रार्थना. ज्येष्ठाने करायची, आणि त्या वर्षी गेलेल्यांची नावं घ्यायची. नावं आदल्या दिवशी प्रत्येक शाखेकडून लिहून घ्या. इथे विसर पडला तर त्याला बिको पुरत नाही.

खेळांत मुलांसाठी पाबितिन. बांबूच्या चौकटीला खाऊ आणि खेळणी टांगायची, चौकट दोरीने वर-खाली करायची, पोरांनी उड्या मारून ओरबाडायचं. बागेत वेल चढवायला मिळते ती तीन फुटी जाळी चालते. झाडाला दोरी बांधायला बंदी असेल तर दोन उंच भाऊ आणि एक बांबू. चार वर्षांखालच्यांची फेरी वेगळी घ्या, नाहीतर ओठ फुटतो. मोठ्यांसाठी संगीत खुर्ची. तिला ते “जेरुसलेमची सहल” म्हणतात आणि साठीच्या तिता त्यात कोपर मारतात.

फिलिपिन्सला व्हिडिओ कॉल संध्याकाळी पाचला ठेवा. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ कॅलिफोर्नियाच्या पंधरा तास पुढे, म्हणजे तिकडे रविवार सकाळचे आठ. चर्चमध्ये मिसाला (रविवारच्या प्रार्थनेला) जायच्या आधी सगळे आंघोळ करून बसलेले असतात. फोन स्टँडवर लावा आणि शाखेप्रमाणे पाच-पाच मिनिटं द्या. कराओके तेवढा वेळ बंद. याला विरोध होईल, ठाम राहा.

फोटो. ग्रुपमध्ये टाका, उघड्या फेसबुकवर विचारल्याशिवाय टाकू नका. मोठ्या गोतावळ्यात एखाद्याचे कागद पूर्ण झालेले नसतात. अशांना टीएनटी म्हणतात, “तागो नांग तागो”, सतत लपणारा. तो कोण हे तुम्हाला माहीत असायची गरज नाही. नियम सगळ्यांना सारखा लावा म्हणजे कोणाकडे बोट जात नाही.

आवराआवर

रिकामे डबे आणि झिपच्या पिशव्या तुम्हीच न्या, किमान पन्नास. उरलेलं बांधून दिल्याशिवाय कोणाला सोडायचं नसतं, आणि “नको, नको” दोनदा ऐकून तिसऱ्यांदा हातात ठेवायचं असतं. हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. लेचोनचं डोकं आणि हाडं यजमानाकडे, त्यांचं सोमवारी पाक्सिव.

निघण्याआधी वही पुढच्या शाखेच्या माणसाच्या हातात द्यायची असते. मी देते. तो ती चाळतो, फोनवर दोन पानांचे फोटो काढतो आणि “आते, तुझ्याकडेच राहू दे ना” म्हणून परत देतो. मग मी गाडीत बसून पहिल्या पानावर पुढच्या वर्षीचा आकडा घालते आणि थोरल्या तिताच्या नावापुढे फोनचा महिना लिहून ठेवते.